आपाच्या नावाचा पंप

पांढरकवडा
सोमवार, १२ फेब्रुवारी २००७

चि. जुनेद,

अस्सलामु अलैकुम. तुला आणि कहकशांला मामूची दुआ. आपा हैदराबादला सुखरूप पोहोचली हे तुझ्या फोनवरून कळलं. फोनवर मला नीट बोलता येत नाही. तुझ्याकडे मागे टीव्ही असतो आणि माझ्याकडे तुझ्या मामीचा, नाहिदचा मिक्सर. म्हणून लिहितो. लिहिलेलं पुन्हा वाचून दुरुस्त करता येतं, बोललेल्याचं तसं नाही.

इकडे सर्व ठीक. थंडी ओसरली. जिनिंग सुरू आहे म्हणायची, एवढंच. भाव ऐकून लोकांनी कापूस घरात कोंबून ठेवला आहे. माणसं ओसरीत निजतात आणि कापूस खोलीत. सगळ्या मशीन एका वेळी फिरताहेत असा दिवस मी या हंगामात पाहिला नाही. परवा शेटजीने निरोप धाडला म्हणून गेलो होतो. नव्या फिटरने सुरी रोलरला इतकी टेकवून लावली होती की सरकी फुटत होती आणि रुईत तेलाचे डाग. तासाभरात अंतर नीट करून दिलं. फिटर बाजूला उभा राहून विडी ओढत होता, जिनिंगच्या आत.  त्याला टोकणं आता माझं काम नाही.

आपासाठी थोडं लिहितो, नीट वाच. तिला रस्त्याकडच्या खोलीत झोपवू नको. उशाला दोन नाही, तीन उशा लागतात. स्वयंपाकाजवळ बसू देऊ नको. ती म्हणेल, तुमच्याकडे तर गॅस आहे. तरी फोडणीचा ठसका असतोच. पिशवीच्या वरच्या कप्प्यात नवा पंप ठेवला आहे. तो सकाळ-संध्याकाळ तू स्वतः दे. तिच्या हातात देऊन बाहेर निघून जाऊ नको. नळकांड्याला तोंड लावून ती औषध आत ओढते हे डोळ्यांनी पाहा, मग चूळ भरायला लाव. ती म्हणेल, "मी काय लहान हाय काय, इतके महिने घेऊनच राह्यली ना." म्हणू दे. तू पाहा.

तू विचारलंस, हा तुमचा अभ्यास नेमका आहे तरी काय, अम्मीला सारखं मशीनमध्ये फुंकायला लावता. सांगतो. जुना दमा-खोकला असलेल्या माणसाला, जिथे छातीचा डॉक्टर जवळपास नाही तिथे, कसं सांभाळावं याचा हा अभ्यास आहे. पाच देशांत एकाच वेळी चालू आहे. आपल्याकडे जिनिंगची धूळ आणि चुलीचा धूर, दुसरीकडे खाणी असतील, आणखी काही असेल. अर्ध्या लोकांना औषधाचा पंप मिळतो, रोज सकाळी आणि संध्याकाळी घ्यायचा. अर्ध्यांना फक्त सल्ला : धूर टाळा, नाकाला फडकं बांधा, श्वासाचा व्यायाम करा. कोणाला काय, हे चिठ्ठीने ठरतं, कोणाच्या मर्जीने नाही. आपाला पंपाची चिठ्ठी निघाली. तिच्याबरोबर जिनिंगमध्ये मशीनला कापूस लावण्यात जिची उमर गेली त्या तांड्यावरच्या रुपीबाईला सल्ल्याची निघाली. शेवटी दोन्ही गटांची तुलना करायची, पाचही देशांची मिळून. त्यात एका जागचा आकडा जरी चुकला तरी. असो.

नागपूरहून सत्यभामा मॅडम महिन्यातून एकदा येतात. बाकी सगळं मी पाहतो. सातवी पास माणसाला हे काम कसं दिलं असं इथे पुष्कळांनी विचारलं. त्यांची फुंकायची मशीन पहिल्याच दिवशी बंद पडली होती आणि तिचं इंग्रजी पुस्तक वाचून ती मी चालू केली, म्हणून दिलं. पंपाच्या पाठीवर एक खिडकी असते, औषध दाबलं की तिच्यातला आकडा एकाने उतरतो. त्यावरून कळतं, बाईने औषध घेतलं की फडताळात ठेवलं. या बाबतीत पाचही देशांत माझं केंद्र पहिलं आहे. हे मी म्हणत नाही, त्यांनी छापून पाठवलं आहे.

आपा रुपीबाईची विचारपूस करत असेल. सांग, ती बरी आहे. खूपच बरी आहे. तांड्यावरून चालत बाजाराला येते. मॅडम मागच्या खेपेला तिला पाहून म्हणाल्या, "वाहिदभाऊ, नुसत्या सल्ल्याने एवढा फरक पडतो हे नागपुरात मला कोणी खरं मानणार नाही." 

मोठ्या दवाखान्यात काय म्हणतात ते शब्द न बदलता कळव. आपाला सलाम सांग. ती चिडली तरी तीन उशा.

तुझा,
वाहिदमामू


पांढरकवडा
मंगळवार, २० फेब्रुवारी २००७

चि. जुनेद,

दुआ. तुझं पत्र काल मिळालं. अक्षर सुधारलं आहे, पण फुप्फुस हा शब्द तू तीन जागी तीन तऱ्हेने लिहिला आहेस. हे आधी लिहितो आहे, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही.

तुझ्या पत्राचा अर्थ मी असा लावला. डॉक्टरांनी इथला कागद पाहिला. त्यात लिहिलं आहे की बाईने औषध नऊ महिने नेमाने घेतलं आणि तरी श्वास उतरत गेला. ते म्हणाले, औषध पूर्ण जाऊनही गुण नाही, म्हणजे हा जिनिंगचा साधा दमा नव्हे, दुसरंच काही असणार. म्हणून कुशीला भोक पाडून फुप्फुसाचा तुकडा काढायचा आणि तपासायचा. त्यासाठी पूर्ण बेशुद्ध करावं लागेल, आणि तिच्या छातीची आजची ताकद पाहता त्यातून ती नीट उठेलच असं सांगता येत नाही. तारीख पुढच्या बुधवारची, अठ्ठावीसची. आणि सगळ्यात खाली तू लिहिलंस, "मामू, तुमच्या पाच देशांनी माझ्या अम्मीला काय दिलं?"

प्रश्न कडक आहे. लहान असताना तू मला असं विचारलं असतं तर थोबाडीत खाल्ली असती. आता तू मोठा आहेस आणि ती तुझी आई आहे.

पण एक ध्यानात घे. औषध खोटं नाही. मी इथे घरोघरी जातो. ज्या बाया वर्षानुवर्षं बसून रात्र काढत होत्या त्या आडव्या निजू लागल्या, हे मी पाहिलं आहे. आपाला गुण आला नाही म्हणून सगळ्या अभ्यासाला नाव ठेवू नको.

तुकडा काढायची घाई करू नये असं माझं मत आहे. दुसऱ्या डॉक्टरांना विचार. पंधरा दिवस थांबा म्हण. मी डॉक्टर नाही, तरी म्हण.

तुला रमजानातली एक गोष्ट सांगायची राहिली. त्याच्या आदल्या महिन्यात मी शाळेच्या ओसरीवर पंपवाल्या सगळ्या बायांना गोळा केलं होतं, पंप तपासायला. मोतीबाईच्या पंपाचा आकडा जागचा हललाच नव्हता. मी म्हटलं, "मोतीबाई, पंपाले देव्हाऱ्यात मांडून हळदकुंकू वाहता काय?" बाया हसल्या. ती म्हणाली, "भाऊ, त्याच्या आवाजानं नातू दचकून उठते." मी म्हटलं, "तुमच्या नातवापायी पाच देशांत पांढरकवड्याचं नाक कापलं जाऊन राह्यलं." पुन्हा हसल्या. मोतीबाई हसली नाही, पुढच्या वेळी आलीही नाही. आपा माझ्या समोरच बसली होती. तिने आपला पंप ओढणीच्या टोकाने पुसला आणि माझ्या हातात दिला. आकडा बरोबर होता.

मग रमजान लागायच्या आधी तिने मला विचारलं, "वाहिद, सकाळी आठचा पंप रोज्यात कसा करू रे? मौलाना म्हणते, कोणी म्हणते चालते, कोणी म्हणते नाही चालत, डॉक्टरले विचारा."

"कागदात आठ लिहिलं आहे आपा."

"सहरीच्या वख्ती घेतला तं? अंधारातच?"

"कागदात तसं नाही."

"तुह्या मॅडमले विचारून पाह्य ना."

मी विचारलं नाही. एक फोन करायचा होता. पण मला वाटलं, सगळ्या बायांमध्ये नियम मोडून मागणारी माझीच बहीण निघाली असं मॅडमना दिसेल. मी म्हटलं, "तुह्या भावाचं केंद्र हाय म्हणून तुले वेगळा कायदा नाही." तिने मान हलवली. विषय संपला.

तेव्हा रोज्याच्या दिवसांत एखादवेळी सकाळचा पंप राहून गेला असेल, असं म्हणता येईल.

आणखी एक. तू लिहिलंस, मी सांगितल्याप्रमाणे तू समोर बसून पंप देतोस, आणि परवा ती तुझा जिना मध्ये न थांबता चढली. डॉक्टर म्हणाले, हवापालट. जुनेद, हैदराबादच्या हवेने कोणाचा दमा हटला असं मी आजवर ऐकलं नाही. त्यांना हे पुन्हा सांग. विचार, की समजा नऊ महिने औषध पूर्ण गेलंच नसेल, तर? कदाचित, असं म्हण. माझं नाव घेऊ नको.

नाहिद कहकशांसाठी शेवया पाठवते म्हणाली. पुढच्या माणसाबरोबर देतो.

तुझा,
वाहिदमामू


पांढरकवडा
सोमवार, २६ फेब्रुवारी २००७

जुनेद,

सलाम-दुआ बाजूला ठेवतो. बुधवारी आपाला टेबलावर घेऊ देऊ नको. खालचा मजकूर डॉक्टरांसाठी आहे, तो त्यांना दाखव.

"हुस्नाबी, माझी सख्खी बहीण, हिने गेल्या रमजानपासून, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून, इथून निघेपर्यंत पंपाचं औषध घेतलेलं नाही. पंपाचा आकडा रोज उतरत होता, पण औषध दुसऱ्या बाईच्या छातीत जात होतं. मला हे डिसेंबरपासून माहीत आहे. तरी कागदावर 'औषध नियमित' असं मी लिहिलं आणि सही केली. औषधाचा तिला गुण आला नाही असं समजू नये. तिला औषध मिळालंच नाही. ते तिला आता कुठे मिळू लागलं आहे. शेख वाहिद, पांढरकवडा."

आता तुझ्यासाठी.

डिसेंबरात मी तांड्यावर गेलो होतो, रुपीबाईला सल्ला द्यायला. ती बकऱ्या बांधायला मागे गेली होती. तिचं फुंकण्याचं माप त्या वेळी इतकं चढलं होतं की मशीन बिघडली असं समजून मी ती दोनदा तपासली. मशीन ठीक होती. पाणी प्यावं म्हणून कोनाड्यातल्या तांब्याला हात घातला तर त्याच्यामागे पंप. पाठीवरची चिठ्ठी माझ्याच अक्षरातली, आपाच्या नावाची. मी तो होता तसा ठेवला, तांब्या पुढे सरकवला आणि बाहेर येऊन रुपीबाईला म्हटलं, चुलीजवळ बसू नका.

तिथून सरळ आपाकडे. ती तांदूळ निवडत होती. मी काही विचारायच्या आत माझं तोंड पाहून म्हणाली, "पाह्यला वाटते तू."

"हे काय केलं आपा?"

"काय केलं? तुहा आकडा बरोबर हाय ना?"

मग तिने सांगितलं. माझे आठ वाजले की रोजा आडवा यायचा. औषध हवेत उडवून द्यायला तिचा जीव होईना, एवढ्या लांबून आलेलं. रुपीबाई तेव्हा रोज सकाळी तिच्या दारावरून जायची आणि तिच्या ओट्यावर बसून दम खायची. आपाने तिला बोलावून तोंडाला पंप लावला. मी आपाला जसं शिकवलं होतं तसंच तिने तिला शिकवलं. रोज्यातली खैरात, तिच्या मनाने. पाच-सहा दिवसांत रुपीबाई म्हणाली, काल मी आडवी निजली. मग संध्याकाळचाही दिला. ईद झाल्यावर आपाला तो परत मागवेना, माझ्या तपासणीच्या दिवशी तेवढा आणून घ्यायची.

"आणि तू?" मी विचारलं.

"मले सवय हाय. तिले चार घरची कामं हायेत. माह्या मागं जुनेद हाय, तू हाय."

"मॅडमला सांगतो मी."

"सांगशील तं रुपीचा पंप बंद होईन. ती बिचारी पुन्हा बसल्या रात्र काढन. आणि तुह्या केंद्राचं काय होईन? नाही सांगत म्हण. माही कसम खा."

मी कसम खाल्ली. ती खाताना मला हलकं वाटलं. हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं. कारण जानेवारीत परदेशातून डॉक्टरीणबाई पाहणीला येणार होत्या, आणि त्यानंतर मला वणी आणि केळापूर या दोन्ही तालुक्यांचं काम मिळायचं ठरत होतं. कसम आपाने मागितली, पण ती मला हवीच होती.

पाहुणीबाई आल्या. त्यांना एक बाई पंप कसा घेते ते पाहायचं होतं. मॅडम म्हणाल्या, हुस्नाबींना बोलवा, त्यांचे आकडे सगळ्यात नीट. आपा आली, ओढणी नीट केली, पंप हलवला, श्वास सोडला, ओढला, धरला. एकही पायरी चुकली नाही. नंतर मात्र इतकी खोकली की पाहुणीबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि इंग्रजीत विचारलं, हे रोज घेता ना? मी मराठीत विचारलं. आपाने माझ्याकडे पाहिलं आणि हो म्हटलं. मी त्यांना इंग्रजीत हो सांगितलं. मग आमचा फोटो काढला.

त्या महिन्यात तिचं माप इतकं खाली आलं की मॅडमनी स्वतः चिठ्ठी लिहून हैदराबादला पाठवायचं ठरवलं. औषधाच्या रकान्यात काय भरायचं ते त्यांनी मला विचारलं. पुढचं तुला माहीत आहे. मी तुला "समोर बसून दे" लिहिलं आणि समजलो की आपण वाट काढली. महिन्या-दोन महिन्यांत ती बरी होईल, कोणाला काही कळणार नाही, कसम राहील, केंद्र राहील. डॉक्टर माझ्या एका शब्दावरून तिला कापायला निघतील हे माझ्या हिशेबात नव्हतं. आणि कळल्यावरही मी तुला "कदाचित" लिहून पाठवलं. तो "कदाचित" मी पत्रात घालायच्या आधी किती वेळ घोळवला हे माझं मला माहीत.

काल फोन केला. रविवार असूनही तू कामावर गेला होतास, फोन घरी राहिला होता. आपाने उचलला.

"वाहिद, तू जुनेदले काही बोलू नको."

"आपा, ते चिरफाड करून राह्यले."

"करू दे. लहानसंच भोक हाय म्हणते. रुपीचं काय हाय?"

"बरी आहे."

"पंप संपत आला असन तिचा. पुरते काय तिले?"

"पुरतो."

तिला पुढे बोलताना दम लागला. कहकशांने फोन घेतला आणि म्हणाली, मामू, त्यांना बोलायला लावू नका.

आज सकाळी तांड्यावर गेलो. रुपीबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होती. "ये वाहिदभाऊ. आज कोणता सल्ला आणला? धुराचा की फडक्याचा?"

"रुपीबाई, तो पंप आणा."

ती लाजल्यासारखी हसली. "सापडली म्हणायची मी. हुस्नानं देल्ला. तिले दोन भेटते ना, भावाच्याच घरचं काम."

"दोन नाही. एकच भेटते."

"मंग ती काय घेत होती?"

मी खाली सांडलेली एक मिरची उचलून वाळवणावर टाकली.

"वाहिदभाऊ, मी विचारून राह्यली. हुस्ना काय घेत होती?"

"काही नाही."

तिने हातातली मिरच्यांची टोपली खाली ठेवली. मी दवाखान्याचं, बुधवारचं, सगळं सांगितलं.  मग म्हणाली, "तुले कधी समजलं?"

"डिसेंबरात."

"होळी आली," ती म्हणाली.

एवढंच. मला शिव्या दिल्या असत्या तर मी उत्तरं तयार ठेवली होती. ती आत गेली, पंप घेऊन आली, फडक्यात बांधला. मग तिच्या भावाला, डोंगरसिंगला, हाक मारली. तो गाठींचा ट्रक चालवतो. "तुही गाडी आज हैदराबादले जाऊन राह्यली ना? वाहिदभाऊ कागद लिहून देते. तो आणि हे हुस्नाच्या पोराच्या हातात द्यायचं. आधी ते, मंग गाठी." डोंगरसिंगने फडकं घेतलं आणि ट्रकच्या केबिनमध्ये नेऊन ठेवलं. हे पत्र मी त्यांच्या ओसरीवर बसून लिहितो आहे. ट्रक चार वाजता निघेल. फडक्यातल्या पंपावर आपाचं नाव आहे, तोही डॉक्टरांना दाखव.

लिहायला बसायच्या आधी मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं, आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.  त्या म्हणाल्या, "रुपीबाईचा पंप बंद होईल म्हणून गप्प राहिलात?"

मी हो म्हटलं.

"वाहिदभाऊ, सल्ल्याच्या गटातल्या कोणाचा त्रास वाढला तर तिला गटातून काढून औषध सुरू करायचं, हे आपल्या नियमांत पहिल्याच पानावर आहे. ते पान मराठीत तुम्हीच करून दिलं होतं."

जुनेद, ते पान मला पाठ आहे. मी डिसेंबरात आपाच्या घरात उभा होतो तेव्हाही पाठ होतं. तिने "रुपीचा पंप बंद होईन" म्हटलं तेव्हा मी सांगू शकलो असतो, नाही होणार आपा, तिला तिचा वेगळा मिळेल, तू तुझा घे. दोघींनाही औषध मिळालं असतं. त्यासाठी फक्त मला कबूल करावं लागलं असतं की माझ्या केंद्रातले पंपाचे आकडे खोटे आहेत. आपाला ते पान वाचता येत नाही. मला येतं. ती रुपीबाईसाठी गप्प होती. मी रुपीबाईचं नाव पुढे करून गप्प होतो.

रुपीबाईचं औषध उद्यापासून सुरू करायला मॅडमनी सांगितलं आहे. एका फोनवर झालं. मशीन आणि कागद मी गुरुवारी नागपूरला नेऊन द्यायचे आहेत. पांढरकवड्याचे सगळे आकडे आता बाजूला ठेवावे लागतील, असं त्या म्हणाल्या. ज्या बायांनी वेळच्या वेळी, खरोखर औषध घेतलं त्यांचेही. मोतीबाईने निदान खरं सांगितलं होतं.

मॅडम तुमच्या दवाखान्यात फोन करणार आहेत, पण तिथले डॉक्टर लेखी मागतील, म्हणून हे जपून ने. उद्या सकाळी डोंगरसिंग तुझ्या दारात येईल. त्याला चहा पाज. तो मला काही बोलला नाही, तुलाही बोलणार नाही.

हे पत्र आपाला वाचून दाखव, सगळं. ती रागावेल, कसम मोडली म्हणेल. बोलू दे, मध्ये पाणी दे. मग डॉक्टर तिला विचारतील, बाई, औषध रोज घेत होता का? ती त्यांच्या तोंडावर हो म्हणेल. अजूनही म्हणेल, माझ्यासाठी. आयुष्यात तिने तुला खोटं सांगितलं नाही, म्हणून तुला ते खरं वाटेल. या एका गोष्टीत तिचं मानू नको. माझं मान.

तिची कसम मोडून,
तिचाच भाऊ,
वाहिद